तीन लाल ठिपके

बाबा कारखान्यात गिअर कापायचे. चाकाला किती दाते पाडायचे यावर तासभर बोलतील, बाकी विषयांवर तोंडाला कुलूप. आत्या मला नेहमी ऐकवायची, "मूल दत्तक घ्यायची हौस तुझ्या आईची. माझा भाऊ तुला आणायलासुद्धा गेला नाही, घरी बसून राहिला." हे इतक्यांदा ऐकलं की राग येईनासा झाला. दुखायचं मात्र थांबलं नाही.

बाबा गेल्या महिन्यात गेले. आज दुपारी त्यांची खोली आवरायला घेतली. भिंतीवर त्यांचं यंत्र चालूच होतं. किल्ली मी सवयीने देत आले होते. घड्याळाला जोडलेली तीन पितळी चाकं. तास झाला की तिन्ही एकेक दाता सरकतात. प्रत्येकाच्या एका दात्यावर लाल ठिपका. ते कशासाठी, हे मी जन्मात विचारलं नव्हतं.

आज दाते मोजले. एकशे एक, एकशे तीन, एकशे सात. तिन्ही अविभाज्य! शंभर, एकशे दोन, एकशे आठ बाबांनी हसतखेळत कापले असते. असल्या कशानेच भाग न जाणाऱ्या आडमुठ्या आकड्यांसाठी वर्तुळ हाताने आखावं लागतं, एकेका चाकात आठवडे जातात. मग हा उपद्व्याप कशाला?

गुणाकार केला. अकरा लाख तेरा हजार एकशे एकवीस. ठिपके माथ्यावर ठेवून यंत्र सुरू केलं असेल, तर तेवढे तास उलटल्याशिवाय तिन्ही ठिपके पुन्हा एकदम माथ्यावर येणार नाहीत. जवळजवळ एकशे सत्तावीस वर्षं! सोप्या आकड्यांची चाकं सव्वापाच वर्षांतच भेटली असती. एवढ्या काळात एकही मांडणी दुसऱ्यांदा येत नाही. म्हणजे आपण कधी सुरू झालो, हे चाकांना पक्कं ठाऊक होतं.

नुकतेच चार वाजले होते. ठिपके माथ्यापासून त्र्याऐंशी, सत्तावीस आणि चार दाते पुढे गेलेले. सुरू होऊन किती तास झाले ते काढायला वही घेतली. चारमध्ये एकशे सात मिळवत राहिले. एकशे तीनने भागून सत्तावीस उरणारा पहिला आकडा निघाला आठ हजार आठशे पंच्याऐंशी. मग त्यात अकरा हजार एकवीस मिळवत एकेक आकडा एकशे एकने भागत गेले. चोविसाव्यांदा मिळवल्यावर बाकी आली त्र्याऐंशी.

दोन लाख त्र्याहत्तर हजार तीनशे एकोणनव्वद तास. अकरा हजार तीनशे एक्याण्णव दिवस, वर पाच तास.

मोबाईलवर तारीख मागे नेली आणि आईच्या पेटीतून दत्तकाचा कागद काढला. तीच तारीख. खाली लिहिलेलं, 'मूल सकाळी अकरा वाजता स्वाधीन केले.'

आत्याला फोन लावला. "आत्या, बाबा घरी बसून नव्हते गं. यंत्रापाशी उभे होते, अकरा वाजायची वाट बघत. आणि ती चाकं कापायला मी यायच्या कितीतरी आधी बसले असणार."

मी सगळं समजावून सांगितलं. पाच वाजले, तिन्ही चाकं एकेक दाता पुढे गेली.

"मग बोलला असता तर झिजला असता का?" आत्या म्हणाली, आणि फोनवरच रडायला लागली.