कपाटातला चाकू

आकाराम चौगुले फ्लेक्सचे बोर्ड चढवायचा, पण ते काही हौसेनं नव्हे. उचगावात त्याची शेती म्हणायला होती. भावाभावांत वाटणी झाल्यावर जो तुकडा हाती आला त्यात दारातल्या दोन म्हशींची वैरणसुद्धा धड निघत नव्हती. बायकोच्या धाकट्या भावानं, विश्वजितनं, कोल्हापुरात फ्लेक्स छापायचं दुकान काढलं तेव्हा तो म्हणाला, दाजी, दुसरं काही मिळेपर्यंत माझ्याकडं या. दुसरं काही मिळालं नाही. लग्नाचे, वाढदिवसाचे, निवडून आलेल्यांचे आणि पडलेल्यांचे बोर्ड चढवता चढवता आकारामची कानशिलं पांढरी झाली.

काम अवघड होतं, पण त्याला कामाचा जाच नव्हता. जाच होता तो उपकारांचा. मोटरसायकल विश्वजितनं वापरून दिलेली, मोबाइल विश्वजितनं वापरून दिलेला, घरावरचा नवा पत्राही त्याच्याच मदतीनं पडलेला. काम सोडतो म्हणायचं तर मेहुण्याशी वाकडं, आणि मेहुण्याशी वाकडं म्हणजे संयोगिताचं माहेर तुटणार. ती तसं कधी बोलली नाही. पण रक्षाबंधनाला भावाकडं निघताना ती आधी नवऱ्याचा चेहरा बघायची, आणि त्यातच सगळं यायचं.

अशात त्यानं चाकू घेतला.

झालं असं, की पन्हाळ्यावर एका हॉटेलचा बोर्ड बांधायला तो गेला होता. त्याच्या खिशातला चाकू आठवड्याच्या बाजारातला, घडीचा, नखानं उघडायचा. जाड दोर काही केल्या तुटेना. शेजारी गाडीला टेकून उभा असलेला एक पावणा हे बघत होता. त्यानं स्वतःचा चाकू पुढं केला. तोही घडीचाच, पण हाताला जड. अंगठ्यानं ढकललं की पातं उघडायचं आणि खट् करून लॉक बसायचं. मग ते पातं आणि मूठ एकच तुकडा असल्यासारखं. आकारामनं एक ओढ दिली आणि दोर तुटला. परत देताना त्यानं किंमत विचारली. पावण्यानं सांगितली. तेवढ्या पैशांत आकारामच्या घरचा महिन्याचा किराणा आला असता.

त्यानं तो विषय तिथंच सोडायला हवा होता, पण तो सुटला नाही. दुपारी जेवण झालं की तो मोबाइलवर चाकूचे व्हिडिओ बघत बसायचा. एक जण पात्याच्या पाठीवर हातोडी मारून लॉक ढळत नाही हे दाखवायचा. दुसरा म्हणायचा, ही सगळी श्रीमंतांची खेळणी, कापायला कुठलाही चाकू पुरतो. आकारामला दोघांचंही पटायचं. शेवटी लक्ष्मीपुरीतल्या हत्यारांच्या दुकानात जाऊन त्यानं मालकालाच विचारलं. मालक सरळ माणूस. म्हणाला, थोडे पैसे पोलादाचे, थोडे लॉकचे, आणि राहिलेले नावाचे. तुम्हाला नाव नको असेल तर त्यातले निम्मे वाया गेले समजा. हे ऐकूनही आकारामनं चाकू घेतला. इतक्या वर्षांत कुणी न दिलेली, स्वतः निवडलेली वस्तू त्याच्या हातात आली होती. हे त्याला शब्दांत सांगता आलं नसतं, आणि घरी कुणी तसं विचारलंही नाही.

संयोगिता संतापली. पण तिच्या संतापापेक्षा विश्वजितचं हसणं जास्त लागलं. दुकानात गिऱ्हाईकं बसलेली असताना त्यानं चाकू उघडून सगळ्यांना दाखवला आणि दाजी आता सुतळी कापायला लढाईवर निघाले, असं काहीसं म्हणाला. सगळे हसले. आकारामही हसला.

त्यानंतर तो चाकू कामावर गेलाच नाही. संयोगितानं तो फडक्यात गुंडाळून कपाटात, तिच्या दागिन्यांच्या डबीशेजारी ठेवला. एवढा महाग, वरून पडला तर काय घ्या, असं तिचं म्हणणं. आकारामनंही हट्ट धरला नाही. फ्लेक्सचा चिकटा त्या पात्याला लागावा हे त्यालाच बघवलं नसतं. कधीतरी सुट्टीच्या दिवशी तो चाकू काढायचा, दोनदा उघडझाप करायचा आणि परत ठेवून द्यायचा. खिशात तोच जुना, बाजारातला.

चैत्रातल्या एका दुपारी कागलच्या रस्त्याला एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढवायचा होता. होर्डिंगचा लोखंडी सांगाडा चांगला तीन मजले उंच. वर आकाराम, खाली सयाजी. सयाजी वयानं मोठा; पूर्वी तोही चढायचा, गुडघा गेल्यापासून खालून दोर धरायचा. वरची कड बांधून झाली होती. आकारामनं कमरेचा पट्टा वरच्या लोखंडी अँगलला अडकवला होता आणि तो डावी बाजू ताणून घेत होता. एवढ्यात रानाकडून वावटळ आली.

सयाजीच्या हातातला दोर हिसकला. फ्लेक्स खालून फुगला, उलटा वर आला आणि आकारामच्या अंगावर आदळून त्याला सांगाड्याशी लपेटून बसला. मोकळ्या कोपऱ्याचा नायलॉनचा दोर फटकारत आला, त्यानं त्याच्या डाव्या हाताला आणि अँगलला मिळून वेढे घातले. सगळं एका दमात झालं. आकारामला कळलं तेव्हा डोळ्यांपुढं फ्लेक्सची पांढरी पाठ होती आणि नाकात तापलेल्या प्लॅस्टिकचा वास.

पट्ट्यामुळं तो पडणार नव्हता. पण पट्ट्याचा हूक फ्लेक्सच्या पलीकडं गेला होता, तिथं हात पोचत नव्हता. खाली उतरायची सोय नव्हती. वारा भरला की फ्लेक्स ताणायचा आणि दोर हाताला करकचून आवळायचा. वारा पडला की जरा सैल व्हायचा, आणि तेवढ्यात बोटांत मुंग्या यायच्या. थोड्या वेळानं मुंग्याही येईनाशा झाल्या.

उजवा हात मोकळा होता. त्यानं खिशातून चाकू काढला. उघडायला नख लागायचं, म्हणजे दुसरा हात लागायचा. त्यानं पातं दातांत धरलं आणि मूठ ओढली. ओठ चिरला, पण चाकू उघडला. तो दोरावर पातं घासू लागला. दोन पीळ तुटले. तिसऱ्यावर जोर दिला आणि पातं मागं वळलं. लॉक नव्हतंच. पातं मिटलं ते त्याच्या तर्जनीवर, सांध्याशी. त्यानं हात झटकला तसा चाकू सुटला, अँगलवर आपटला आणि खाली गेला.

कपाटातला चाकू एका अंगठ्यानं उघडला असता. हे त्याला तेव्हा आठवलं आणि मग डोक्यातून जाईना. दुखण्यापेक्षा तेच जास्त सलत राहिलं.

खालून सयाजी काय काय ओरडत होता. त्यानं विश्वजितला फोन लावला होता. बऱ्याच वेळानं सयाजीचा आवाज वर आला, जरा चाचरत.

"आकाराम, त्यो म्हणतूय माणसं धाडतो. तवर फ्लेक्स कापू नगंस म्हणतूय. साहेब सांजच्याला येणार हाईत."

फ्लेक्सच्या आत आकारामचाच श्वास त्याच्या तोंडावर परत येत होता. रस्त्यावरून ट्रक जात होते, एसटी गेली, कुणीतरी थांबून मोबाइलवर फोटो काढत असावं. त्याला वाटलं, आपण काही आजच अडकलेलो नाही. आज फक्त दोर दिसला.

सयाजीनं फोन खिशात घातला. शेजारच्या बांधावर धोंडुबाई नावाची म्हातारी वैरण कापत होती. तिच्याकडं जाऊन त्यानं विळा मागितला. तिनं आधी वर बघितलं, मग विळा दिला आणि स्वतःही मागोमाग आली. दोर वर ढकलायला लांब बांबू होता. सयाजीनं त्याच्या टोकाला विळा सुतळीनं, ओढला की सुटेल असा, बांधला. गुडघा धरत तो सांगाड्याच्या पहिल्या टप्प्यावर चढला, तिथून बांबू वर केला.

"उजवीकडं हात कर. आणि जरा. हां, घे."

आकारामनं रक्तानं निसरड्या झालेल्या हातात विळा धरला. आधी फ्लेक्स कापला, मग दोर. फ्लेक्स टराटरा फाटत गेला आणि ऊन तोंडावर आलं. खालून बघणाऱ्यांना नेत्याचा एक कान आणि अर्धी मिशी लोंबकळताना दिसली. आकाराम पट्ट्याच्या हुकापर्यंत सरकला, हूक सोडवला आणि एका हातानं, पाय चाचपत, खाली उतरला. धोंडुबाईनं विळा पुसून घेतला. हात दवाखान्यात दाखव, एवढं सांगून ती परत बांधावर गेली. तिच्या म्हशी खोळंबल्या होत्या.

विश्वजित दवाखान्यात आला तेव्हा आधी दुसरा फ्लेक्स छापायला टाकून आला होता. डॉक्टरांचं बिल त्यानंच भागवलं. म्हणजे आणखी एक उपकार झाला.

घरी आल्यावर संयोगिता बराच वेळ त्याच्या बोटावरच्या पट्टीकडं बघत बसली. मग म्हणाली, "वापरायचाच न्हवता तर घेतला कशाला?"

"तूच ठेवलास की कपाटात."

"आणि तुमी ठेवू दिलासा."

दोघंही खरं बोलले होते. ती उठून म्हशींची धार काढायला गेली.

बोट शिवलं, पण पूर्ण वाकेना. डाव्या हाताची दोन बोटं बधिर राहिली. आकारामनं त्या निमित्तानं सुटायचा एक प्रयत्न केला. कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मदतनीस हवे होते, तिथं तो गेला. हातांची पकड बघितल्यावर तिथल्या डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. परत येताना तो त्याच होर्डिंगखालून आला. वर आता दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा होता.

मग तो पुन्हा विश्वजितकडं कामाला लागला. महागाचा चाकू आता खिशात असतो. त्याच्यावर चिकटा बसलाय, मुठीला ओरखडे आलेत. किंमत वसूल झाली का, असं सयाजीनं एकदा विचारलं. आकारामनं विचार करून सांगितलं, की रोजच्या कामाला जुना बाजारातलाच बास होता, आणि त्या दिवशी तर म्हातारीचा विळा उपयोगी पडला. तरीपण हा एका हातानं उघडतो. आता त्याला कामाचा हात एकच होता.

पावसाळ्याच्या तोंडाला एका सकाळी तो असाच वर होता. वारा सुटायला लागला. बोर्ड निम्मा बांधून झाला होता आणि विश्वजित खाली उभा राहून, दाजी, तेवढं संपवूनच या, असं सांगत होता. आकारामनं सैल कोपऱ्याचा दोर कापला, फ्लेक्स गुंडाळून बांधला आणि खाली आला.

"वारं असलं की मी वर न्हाय," तो म्हणाला. "आणि वर दोघं पायजेत. एकटा चढणार न्हाय."

विश्वजितनं त्याच्याकडं बघितलं. असं उत्तर त्याला दाजींकडून कधी आलं नव्हतं. दुसरा माणूस ठेवायचा म्हणजे खर्च, हे तो बोललाच; संयोगिताताईला सांगतो, असंही बोलला. आकाराम चहाच्या गाड्यावर जाऊन बसला. तासाभरानं वारा पडल्यावर विश्वजितनं दुकानातल्या एका पोऱ्याला बोलावून घेतलं आणि आकाराम आणि तो पोऱ्या मिळून वर चढले.

घरी हे कळलं तेव्हा संयोगितानं एवढंच विचारलं, की विश्वजित रागावला का. आकाराम म्हणाला, रागावला. ती म्हणाली, बरं. आणि तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढली.