वाळवंटातले एकांतप्रिय आजोबा

२००४ साली क्युपर्टिनोच्या ऑफिसातल्या मीटिंगांना मी इतका कंटाळलो होतो, की एका शनिवारी बायकोला घेऊन गाडीने थेट दक्षिणेकडे निघालो. वाळूच्या उजाड टेकड्या जिथे पॅसिफिकमध्ये उतरतात, तिथे पाच-सहा घरांची वस्ती होती. मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही दोघंही खूश झालो.

पहिल्याच घराच्या पायरीवर एक गोरे आजोबा बसले होते. "शहरातल्या बडबडीला वैतागून इथे राहायला आलो," ते म्हणाले. मला ते फारच पटलं. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. वारा, मासे, दोन घटस्फोट, स्वयंपाकघरात शिरणारी वाळू. दम घ्यायलाही ते थांबेनात. मी हळूच उठलो, तशी बायको मराठीत म्हणाली, "बस रे. कित्येक दिवसांत त्यांना कुणी भेटलं नसेल." तिने डब्यातली थालीपीठं पुढे केली. ती खातानाही आजोबा बोलतच होते.

समुद्रावर जायचं राहूनच गेलं. सूर्य बुडाल्यावर ते आमच्या गाडीपर्यंत आले आणि माझा हात धरून म्हणाले, "पुन्हा नक्की या. पण ही जागा कुणाला सांगू नका, उगाच गर्दी होईल."