पत्र्याची बाही

आमचं घर तेलाच्या रिकाम्या पिप्यांचं होतं. पिपा कापायचा, ठोकून सपाट करायचा, लाकडी बल्ल्यांवर खिळ्यांनी मारायचा, झाली भिंत. त्यामुळे आमच्या भिंतींवर सूर्यफुलं होती, आणि मोरीच्या बाजूला एक शेंगदाणा, उलटा. बाबा हमाली करायचे, आई ब्लाऊज शिवायची. उन्हाळ्यात भिंतीला टेकायची सोय नव्हती. अशा घरातून मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजच्या फाटकातून आत गेलेली मी पहिली. म्हणजे बाबा आधी जाऊन आले होते, पण सिमेंटची पोती घेऊन.

बी.ए.वर नोकरी मिळेना, म्हणून आयटीआयमधून पत्राकाम शिकले आणि शहरातल्या सदर भागात एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले. तिथे एसीची हवा नेणारे पत्र्याचे पाइप, म्हणजे डक्ट, बनायचे. तिथल्या मुख्य मिस्त्रींची शर्त सरळ होती. पाइप काटकोनात वळवायला जो चार तुकड्यांचा एल्बो लागतो, तो एकटीने बनवून दाखव, की तू कारागीर. नाहीतर झाडू आहेच.

माझे दोन एल्बो भंगारात गेले.

"बी.ए. मॅडम, याच्यातून हवा कमी अन् उंदरं जास्त जातीन," मिस्त्री म्हणाले. "सोमवारी आखरी चान्स."

रविवारी मी घरी कागदावर आकृती काढत बसले. गणित तंतोतंत. आईने मशीन थांबवून मान वळवली.

"शिलाईले जागा कुठं ठेवली वं?"

"आई, हे ब्लाऊज नाही."

"मंग जोडशीन कायनं? थुकीनं?"

पत्र्याच्या कडा एकमेकींत दुमडायला मी खरंच जागा सोडली नव्हती. आईने तिच्या खडूने चारही तुकड्यांना कडा वाढवून दिल्या. दिवसभर मी अंगणात पत्रा ठोकला, शेजाऱ्यांनी दिवसभर मला शिव्या दिल्या, आणि एल्बो उभा राहिला. चकचकीत!

सोमवारी सकाळी आई म्हणाली, "बाही हाय तं घालून पाहा लागते." बाबा स्वेटर घालून चहा पीत होते. त्यांनी बिचाऱ्यांनी उजवा हात घातला. आत गेला, कोपरात वाकला, अगदी मापात बसला.

"काय फिटिंग हाय!" आई खूश.

मग तो निघेना. तेल ओतलं, साबण चोळला, मी भिंतीवरच्या सूर्यफुलाला पाय लावून ओढलं. शेवटी पत्रा कापायची कात्री उचलली, तर बाबा ओरडले, "खबरदार! पोरीच्या नोकरीचा हाय हा. कापाचाच असंन तं माहा हात काप!"

आता काय करणार? बाबांना तसंच स्कूटीवर मागे बसवलं. सिग्नलला त्यांचा हात बाहेर, काटकोनात. मागचा ऑटोवाला वैतागला.

"काका, वळून राहिले का नाही? एक काय ते सांगा ना!"

"मी सरळच चाललो गा," बाबा म्हणाले. "हातच वळला हाय."

वर्कशॉपमध्ये मिस्त्री "जय भीम, काका" म्हणाले. बाबांनी हात जोडले, एक मांसाचा, एक पत्र्याचा. मिस्त्री हसले नाहीत. बाबांना स्टुलावर बसवून त्यांनी जोड बोटाने चाचपले, टकटक केलं, गुण्या लावला.

"हलू नका, नव्वद अंश पाहून राहिलो." बाबांनी श्वाससुद्धा रोखला.

"काम पक्कं आहे," मिस्त्री म्हणाले. "पण आतून पाहिल्याबिगर पास नाही करत. काढा."

"अडकला ना," मी म्हटलं. "कापावा लागेल."

"मंग स्वेटर कापा ना! एल्बो काहून कापता?"

त्यांनी खांद्यापाशी स्वेटरची बाही कापली. हात सुळकन बाहेर, बाही आतच. घरी आम्ही तिघं होतो. त्यातली एक टेलर, कात्री मांडीवर. एक बी.ए. कुणालाच सुचलं नव्हतं.

मिस्त्रींनी लोकरीची बाही ओढून काढली, एल्बोच्या दोन्ही तोंडांना डोळा लावून आत पाहिलं आणि मार्करने पत्र्यावर 'ओके' लिहिलं. बाबा एका बाहीचं स्वेटर घालून, छाती काढून घरी गेले.

त्या दिवशी माझा झाडू सुटला. आज मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक भागातल्या, एका इमारतीत ज्या डक्टमधून हवा फिरते, त्यांचे सगळे एल्बो मी बनवलेले आहेत. मी बी.ए. आहे आणि पत्राकामाची कारागीर आहे.