डासांना ना-हरकत

सरकारी नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. टाकून दिलेल्या टायरमध्ये पाणी साठतं तसे ते आपोआप साठतात. आणि साठलेलं पाणी ओतून टाकणं ही तर माझी नोकरीच! मी शहापूर तालुक्यात हिवताप विभागात आरोग्य सहाय्यक. घरोघरी जाऊन पिंपात डोकावायचं, अळ्या दिसल्या की पिंप उपडं करायचं आणि बायाबापड्यांच्या शिव्या खायच्या. तेव्हा आज हे किस्सेही ओतून टाकतो, बसा निवांत.

तर आटगावच्या बाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही, मला अजून त्याच रस्त्याने जायचं-यायचं असतं. तिथे एक पोल्ट्री बंद पडली होती. ती एका संशोधन संस्थेने भाड्याने घेतली आणि आत डास पाळायचं ठरवलं. साधे डास नव्हेत, जनुकं बदललेले. त्यांचे नर गावात सोडले की गावातल्या माद्यांना जी पिल्लं होतील ती मोठी व्हायच्या आधीच मरतील आणि डेंगी कमी होईल, असा हिशेब. सोडायची गोष्ट फार पुढची, आधी नुसतं बंद खोलीत वाढवून बघायचं होतं. दिल्लीची परवानगी आली, राज्याची आली, जिल्हा समितीचीही आली. जिल्ह्याने फक्त खाली एक ओळ जोडली: तालुक्याने देखरेखीसाठी उपसमिती नेमावी आणि ग्रामसभेचा ठराव घ्यावा, तोवर चाचणीपुरतेच डास वाढवावेत.

उपसमितीचा सचिव म्हणून माझं नाव आलं. घरी पत्र दाखवलं. बायकोने भाजी निवडता निवडता वाचलं आणि म्हणाली, "जन्मभर मारलेत, आता पाळा."

*

पहिला प्रश्न पडला, ही फाइल पंचायत समितीत कुठल्या टेबलावर ठेवायची?

पशुसंवर्धनवाले म्हणाले, डास हा पशू नाही. कृषीवाले म्हणाले, तो पिकावर पडत नाही. आमच्या आरोग्यवाल्यांनी तर कानावर हात ठेवले. आमच्याकडे डास मारायचा निधी येतो, पाळायचा येत नाही, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं. फाइल घेऊन मी आठवडाभर लग्नाची पत्रिका वाटावी तसा फिरलो. शेवटी आवक-जावकच्या जाधवबाईंना दया आली. त्यांनी विचारलं, "उडतात ना?" मी म्हटलं, उडतात. "जागा पोल्ट्रीचीच ना?" मी म्हटलं, हो. त्यांनी फाइल पोल्ट्रीच्या गठ्ठ्यात ठेवून दिली.

पुढे महिनाभरात प्रयोगशाळेला पत्र गेलं: पक्ष्यांची संख्या व अंड्यांचे दैनंदिन उत्पादन कळवावे. प्रयोगशाळेच्या मॅडम एकदम सरळ स्वभावाच्या. त्यांनी खरा आकडा कळवला. दुसऱ्या दिवशी पशुधन अधिकाऱ्यांचा मला घाईघाईने फोन आला. एवढी अंडी रोज निघतात, तर हे लोक विकतात कुठे?

*

या मॅडमची ओळख करून द्यायला हवी. डॉक्टर मेघना, वाशिंदच्या. वडील तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते. पोरगी शिकली, परदेशात जाऊन डासांवर डॉक्टरेट करून आली आणि हट्टाने आपल्याच तालुक्यात प्रयोगशाळा आणली. संस्थेने त्यांना मुदत घातली होती. पावसाळ्याआधी ठराव झाला तर ठीक, नाहीतर सगळा पसारा दुसऱ्या राज्यात हलवायचा. मॅडम ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण प्रत्येक ग्रामसभेच्या आधी त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असे. मला त्यांची फार काळजी वाटायची, खोटं कशाला बोलू.

त्यात या गावाची रीत जगावेगळी. इथे मतं मोजत नाहीत. सगळ्यांचे हात वर झाले तरच ठराव. एक हात जरी खाली राहिला तरी विषय पुढच्या सभेत. त्यामुळे गावात भांडणं कमी आहेत, आणि कामंही!

खाली राहणारा हात होता चिमाआजींचा. पाड्यावरच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातवाला डेंगी झाला होता. पोर ठाण्याच्या दवाखान्यातून परत आलं, पण आजींच्या काळजात ती धास्ती बसली ती बसलीच. पहिल्या सभेत त्या उठून उभ्या राहिल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "गावात डास हायेत ते कमी पडले का गो तुला?" आजी खाली बसल्या, दोन्ही हात मांडीवर घट्ट ठेवून. विषय पुढच्या सभेत.

*

आमचे सरपंच मात्र पहिल्यापासून बाजूने होते. पण परवानगी म्हटली की त्यांच्या तोंडून एक वाक्य आपोआप येतं. वीटभट्टी असो, गोडाऊन असो, मोबाइलचा टॉवर असो, स्थानिकांना प्राधान्य मिळालंच पाहिजे! दुसऱ्या सभेत मॅडमनी सगळं समजावून सांगितल्यावर सरपंच उठले. विषय काय चालू आहे याचं त्यांना त्या क्षणी भान राहिलं नसावं. टेबलावर हात आपटून म्हणाले, "बाहेरचे डास आमी चालवून घेणार नाय. डास स्थानिकच पायजेत."

सभेत हशा पिकला. सरपंचांनाही मग कळलं आणि ते टोपी सारखी करायला लागले.

पण मॅडम हसल्या नाहीत. त्या वही उघडून लिहून घ्यायला लागल्या. म्हणाल्या, अट अगदी योग्य आहे, बाहेरचा डास इथल्या हवेत टिकणार नाही, इथल्याच डासांची वीण घ्यायला हवी. सरपंच हळूच खाली बसले आणि दुसऱ्या दिवसापासून गावभर सांगत सुटले की शास्त्रज्ञांना ही गोष्ट आपण शिकवली. आता भेटतील त्याला ते आधी डासांचं मूळ गाव विचारतात.

*

बातमी शेजारच्या मुरबाड तालुक्यात पोचायला कितीसा वेळ लागतो! तिथल्या पंचायत समितीचे एक सदस्य जीप घेऊन तडक आमच्या बैठकीत आले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातात तालुक्याचा नकाशा. डासाला तालुक्याची हद्द कळत नाही, तो उडून मुरबाडात आला तर जबाबदार कोण, मुरबाडची जनता हे सहन करणार नाही, असं त्यांनी चहा येईपर्यंत ऐकवलं.

मॅडमनी शांतपणे सांगितलं, की हा डास जन्मभरात काही शे मीटरच्या पुढे जात नाही. खोलीतून सुटला तरी तो गावाची वेससुद्धा ओलांडायचा नाही. मुरबाडला पोचायचा तर प्रश्नच नाही.

सदस्यांनी नकाशाकडे बघितलं, घडी घातली, पुन्हा उघडली. त्यांचा आवाज एकदम भरून आला. "म्हणजे एवढी मोठी योजना, आणि मुरबाडला एकपण डास नाय? दर टायमाला आमच्यावरच अन्याय का?"

अर्ध्या डासांची मागणी त्यांनी त्याच बैठकीत लेखी दिली. ती अजून विचाराधीन आहे.

*

उपसमितीची पाहणी ठरली. प्रयोगशाळेला दोन दारं आहेत, मध्ये एक कोंदट बोळ. पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, म्हणजे डास निसटत नाही. आत दोघादोघांनीच जायचं. पहिली जोडी अर्थातच मानाची, तहसीलदार साहेब आणि आमचे तालुका आरोग्य अधिकारी. या दोघांचं एका सरकारी गाडीवरून बिनसलं होतं आणि वर्षभर एकमेकांशी बोलणं बंद होतं. निरोपसुद्धा माझ्यामार्फत जायचे.

दोघे मधल्या बोळात शिरले. मागचं दार लागलं आणि लाइट गेली. दोन्ही दारं विजेवरची, दोन्ही ठप्प! जनरेटरची चावी ड्रायव्हरच्या खिशात आणि ड्रायव्हर हायवेवर वडापाव खायला गेलेला. आम्ही बाहेरून धीर देत होतो. आधी आतून काहीच ऐकू येईना. मग खोकल्याचा आवाज आला. मग बोलण्याचा. मग चक्क हसण्याचा!

लाइट आली, दार उघडलं. दोघे घामाने निथळत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर. गाडीचे वार वाटून घेतलेले, एकमेकांच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी झालेली, आणि दारांना हाताने उघडायची कडी हवी ही प्रयोगशाळेसाठीची पहिली अटही ठरलेली. आमच्या उपसमितीची इतकी फलदायी बैठक त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही नाही. मला जिल्हा परिषदेच्या एक-दोन जोड्या लगेच आठवल्या, पण मी सचिव माणूस, बोललो नाही.

*

पाहणीतलाच पुढचा प्रसंग. आत सगळं बघून आम्ही ऑफिसच्या खोलीत चहा घेत उभे होतो. एवढ्यात तहसीलदार साहेबांच्या गालावर एक डास बसला.

आता माझी इतक्या वर्षांची नोकरी. डोकं काही ठरवायच्या आधी हात गेला. फाट्‌!

तालुका दंडाधिकाऱ्यांच्या गालावर माझी पाच बोटं आणि मधोमध चेचलेला डास. नोकरी गेली असंच मला वाटलं. पण साहेब माझ्याकडे बघतच नव्हते. ते मॅडमकडे बघत होते. हा डास आतला की बाहेरचा, हा प्रश्न एकदमच सगळ्यांच्या मनात आला होता. आतला असेल तर कारभार आटोपला, प्रयोगशाळा आजच बंद. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

मग त्यांना आठवलं. त्यांच्या डासांत अशी खूण घातलेली असते की एका ठरावीक दिव्याखाली ते लाल चमकतात. दिवा आणला. खिडक्या लावून अंधार केला. साहेबांना स्टुलावर बसवलं, गाल पुढे करायला लावला आणि संपूर्ण उपसमिती त्या गालावर वाकली. मंडळ अधिकाऱ्यांनी तर चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

गाल चमकला नाही. डास बाहेरचा, बहुतेक साहेबांच्याच गाडीतून आलेला. पंचनाम्यात मी लिहिलं: मा. तहसीलदार यांचा गाल तपासला असता आक्षेपार्ह काही आढळले नाही. साहेबांनी सही करताना ते वाचलं आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. मी अजून नोकरीत आहे, ही त्यांची कृपा.

*

पावसाळ्याआधीची शेवटची ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. मुदत संपत आली होती. मॅडमच्या वडिलांनाही राहवलं नाही, ते वाशिंदहून येऊन मागे खांबाला टेकून उभे होते. मॅडमनी सोबत जाळीचा एक पिंजरा आणला होता. त्यात गावच्याच पिंपातल्या अळ्या वाढवून काढलेले साधे नर डास होते, जनुकं-बिनुकं काही न बदललेले. नर चावत नाही हे लोकांना दाखवायचं होतं. पिंजऱ्याला हात घालायला एक कापडी बाही असते. हात आत गेला की बाही हाताभोवती आवळून धरायची.

मॅडमनी विचारलं, कोण हात घालतंय? सरपंचांना अचानक फोन आला. मला माझ्या चपलेचा अंगठा तपासावासा वाटला.

चिमाआजी उठल्या. सावकाश पुढे आल्या. मॅडमना म्हणाल्या, "आदी सांग, तुज्या घरातला एकपन डास भायेर नाय ना येनार?" मॅडम म्हणाल्या, आजी, नाही येणार. त्यासाठीच दोन दारं आहेत. आणि आम्ही चुकलो तर ही समिती आहे, ग्रामसभा आहे, तुम्ही आहात. आजींनी क्षणभर मॅडमचं तोंड न्याहाळलं. मग बांगड्या वर सारल्या, उजवा हात कोपरापर्यंत आत घातला आणि डाव्या हाताने बाही आवळून धरली. डास हातावर बसले, उठले, पुन्हा बसले. आजी टक लावून बघत राहिल्या. सगळा मंडप त्यांच्या हाताकडे बघत होता. एकही डास चावला नाही.

वेळ होत चालली म्हणून सरपंचांनी ठराव वाचला. पटापट हात वर झाले. मंडपभर हातच हात! पाड्यावरच्या बायांचे, पोरांचे, मागे खांबाजवळ मॅडमच्या वडिलांचाही. त्यांना मत नव्हतं, तरी. ग्रामसेवकाने नजर फिरवली आणि ती पुढे येऊन थांबली. एकच माणूस हात वर न करता उभा होता.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. सरपंचांचा आवाज अगदी रडकुंडीला आला. "आजी, आता तरी हात वर करा ना."

चिमाआजींनी मान वळवून त्यांच्याकडे अशा रागाने बघितलं, की सरपंच मागे सरकले.

"कसा करू रं? हात काडला तं डास नाय का भायेर येनार?"