दातांची प्लेट: तोंडात कमी, खिशात जास्त

दात काढायला आलेला माणूस एकदाच येतो. कळवळतो, दात देतो, कापूस चावत घरी जातो. संपलं! पण मुलांचे पुढे आलेले दात मागे न्यायचे म्हणजे दीड-दोन वर्षांचं लचांड. दर महिन्याला मूल येणार, सोबत आई येणार, कधी मावशी, कधी आत्या, आणि प्रत्येकीजवळ एक नवीकोरी सबब. सीताबर्डीवरच्या माझ्या दवाखान्यात औषधांपेक्षा सबबींचाच साठा मोठा झाला होता. मैत्रिणी विचारतात, तुला एवढं सगळं आठवतं कसं गं? अगं, आठवावं लागतच नाही. डोक्यातून जातच नाही ते!

आता ही प्लेट म्हणजे काय, ते सांगते. मी म्हणते ती सत्तरच्या दशकातली गोष्ट. दातांवर चिकटवायच्या तारा तेव्हा नागपुरात क्वचितच कोणी लावायचं. आम्ही टाळूवर बसणारी गुलाबी प्लास्टिकची प्लेट द्यायचो. तिला समोरून एक तार. ती तार दातांना हळूहळू मागे ढकलते. म्हणजे, प्लेट तोंडात असली तर! कारण ती काढता येते, घालता येते, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

प्लेटा बनवायचा आमचा टेक्निशियन वानखेडे. मागच्या खोलीत बसून तारा वाकवायचा. मोडकी प्लेट परत आली की घरचं कोणी आजारी पडल्यासारखा चेहरा करायचा.

*

महाल भागातला एक मुलगा होता. आमचा जिना चढता चढता प्लेट तोंडात घालायचा. मला कसं कळायचं? सोपं आहे. ज्याला सवय असते तो प्लेट घालून स्वच्छ बोलतो. ज्याने जिन्यात घातली, त्याची जीभ अडखळते.

"कितवीत रे तू?" मी मुद्दाम विचारलं.

"थहावीत."

"प्लेट रोज घालतोस?"

"हो. थकाळ-थंध्याकाळ."

आई शेजारी बसलेली. म्हणाली, "मॅडम, रात्रंदिवस घालते जी तो! माह्या डोळ्यासमोर!"

मी प्लेट काढून हातात घेतली. तारेत खाकी चड्डीचा धागा अडकलेला, आणि टाळूच्या जागी संत्र्याच्या गोळीचा कागद चिकटलेला! मी ती आईसमोर धरली. बाईंनी प्लेटीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि जराही न डगमगता म्हणाल्या,

"संगं तर असते ना जी! मी रोज खिसा चाचपून पाह्यतो त्याचा!"

*

अंगठा चोखणारी एक मुलगी होती, सहा वर्षांची. अशा मुलांसाठी प्लेटीला आतून तारेची एक छोटी जाळी करतात. अंगठा तोंडात गेला की जाळीला अडतो, मजा येत नाही, सवय सुटते. वानखेडेने जाळी इतकी सुबक केली होती की मीच दोनदा पाहिली.

महिन्याने मुलगी आली. अंगठा तसाच पांढरा, मऊ, सुरकुतलेला.

"काय गं, अंगठा चोखतेस अजून?"

"हो."

"आणि प्लेट?"

"ते काढून ठेवतो."

"काहून?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की या बाईला डॉक्टर कोणी केलं!

"दोन्ही एकदम मावत नाही ना!"

*

एका प्लेटीत मधोमध बारीकसा स्क्रू असतो. टाळू अरुंद असला की तो लावायचा. आठवड्यातून एकदा छोट्या चावीने थोडासा फिरवला की प्लेट केसभर रुंदावते. हे काम घरच्या मोठ्या माणसाने करायचं. धंतोलीतल्या एका घरात आजोबांनी ते आपल्याकडे घेतलं. रेल्वेतून रिटायर झालेले, अत्यंत शिस्तीचे. मला वाटलं, चला, एक तरी जबाबदार माणूस मिळाला!

महिन्याने नात आली ती तोंड दाबून. प्लेटीचे दोन अर्धे एकमेकांपासून इतके लांब गेलेले की ती तोंडात बसेच ना. पुढच्या दोन दातांमध्ये ही एवढी फट!

"आजोबा, चावी किती वेळा फिरवलीत?"

"रोज. सकाळी आठला. भिंतीवरच्या घड्याळाला देतो, लगेच हिला देतो."

"अहो, मी आठवड्यातून एकदा सांगितलं होतं!"

आजोबांना माझी कीव आली असावी. अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "डॉक्टरबाई, आठवडाभर चावी दिली नाही तर बंद नाही का पडणार?"

*

जरीपटक्याहून एक बाई यायच्या. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. थोरल्या मुलाला प्लेट दिली. तीन महिने झाले, दात जागचे हलायला तयार नाहीत. मी माप तपासलं, तार तपासली, वानखेडेवर उगाचच चिडले. शेवटी सोबत आलेला धाकटा बोलून गेला, "इस हफ्ते मेरी बारी है!"

म्हणजे प्लेट एक आठवडा थोरल्याकडे, एक आठवडा धाकट्याकडे!

मी कपाळाला हात लावला. "अहो, प्लेट म्हणजे काय सायकल आहे का?"

"डॉक्टर साब, घर में दो बच्चे हैं. एक को दूँ और दूसरे को नहीं, तो दूसरा रोएगा ना!"

मी धाकट्याला खुर्चीत बसवलं. त्याचे दात मुळात छान सरळ होते. आता पुढचा एक चांगला वाकडा झालेला! मी बाईंना आरसा दाखवून तो दात दाखवला. त्या खुलल्या.

"देखा! छोटे पे असर कितना जल्दी हुआ!"

*

एका आईने प्लेट उकळली. गावात काविळीची साथ होती, पाणी उकळून प्या म्हणून जिकडेतिकडे सांगत होते. तिने पाण्याबरोबर प्लेटही घातली पातेल्यात. सुकलेल्या पापडासारखी वळून निघाली! बाई म्हणाल्या, "साफ तर झाली ना जी."

वानखेडेने ती उजेडात धरून सगळीकडून पाहिली. "मॅडम," तो म्हणाला, "त्या पोराले तर आता नाही बसत. मगराले बसंन."

*

शोभा नावाची मुलगी मावशीच्या लग्नाला बेसाला गेली. बेसा तेव्हा खेडंच होतं. पंगतीत बसताना तिने प्लेट काढली आणि पत्रावळीच्या कडेखाली सरकवून ठेवली. पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, मांडवामागच्या ढिगावर गेल्या. प्लेट त्यात!

शोभाची आई मला घाबरायची. (निदान एक तरी!) तिने नवरीकडची सगळी मंडळी त्या ढिगाला लावली. नवरदेवाकडच्यांनी पाहिलं, बायका-पुरुष पत्रावळी उलथून राहिले! झालं, सोन्याची अंगठी हरवली असं मांडवभर पसरलं. मग वऱ्हाडीही उतरले. नवरदेवाचा मामा तर धोतर खोचून वरणात कोपरापर्यंत!

शेवटी काहीतरी गुलाबी चमकलं. मामाने ते उंच धरलं. प्लेट नव्हती. अख्खी कवळी होती! तेवढ्यात मांडवातून नवरदेवाचे आजोबा बोळक्या तोंडाने ओरडत आले, "माही हाय! माही हाय गा!"

शोभाची आई दुसऱ्या महिन्यात हे सगळं मला हसत हसत सांगत होती. सकाळपासून मानपानावरून दोन्हीकडचे रुसून बसले होते म्हणे. कवळी सापडली आणि सगळे एकत्र हसले.

"सगळं ठीक आहे," मी म्हटलं. "प्लेट कुठे आहे?"

"थे नाही सापडली. पण मॅडम, भांडण तर मिटलं ना!"

*

आता गुणवंताचं सांगते.

मौद्याकडच्या एका गावातून हा मुलगा यायचा. बारा-तेरा वर्षांचा. बापलेक एस.टी.ने यायचे. पुढचे दात ओठाबाहेर. ओठ मिटायचा नाही. बापाचेही तसेच. पहिल्या दिवशी आजोबाही आले होते, त्यांचेही तेच! तिघं बाकावर रांगेत बसलेले पाहून वानखेडे हसू दाबत मागच्या खोलीत पळाला. पण आजोबा मोकळ्या मनाचे होते. हसत म्हणाले, "आमच्या घरचा शिक्काच हाय हा बाई. शाळेत पोट्टे चिडवते याले, म्हणून आणला."

आणि हा गुणवंता रोज प्लेट घालायचा! खरोखर घालायचा. जेवताना काढायचा, धुवायचा, परत लावायचा. माझ्या सगळ्या कारकिर्दीत असं मूल विरळाच. दोन वर्षांत दात असे ओळीत आले की वानखेडेने आधीचा आणि नंतरचा असे प्लास्टरचे दोन साचे खिडकीत मांडून ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. मी गुणवंताला शेवटची प्लेट दिली आणि बजावलं, "ही रोज रात्री घालायची. नाही घातली तर दात परत बाहेर येतील."

"हो जी," म्हणाला, आणि गायब झाला.

वर्षाहून जास्त काळ गेला. एक दिवस पडदा सारून आत आला तो एकटाच. मिशी फुटायला लागलेली. तोंड उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. दात जवळजवळ पहिल्याच जागी! मी काय काय बोलले, विचारू नका. दोन वर्षांची मेहनत, माझी, वानखेडेची, बापाच्या एस.टी.च्या खेपा, सगळं काढलं. माझा आवाज ऐकून वानखेडे बाहेर आला, तोही दात पाहून मटकन स्टुलावर बसला.

गुणवंता मान खाली घालून ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "हारवली नाही जी प्लेट. धुवून फळीवर ठेवली हाय."

"मग घातली काहून नाहीस?"

"आबाची याद गेली होती मॅडम. बाबाले ओळखत, मायले ओळखत. मले नाही ओळखत. पाहुना म्हणत. 'पाहुन्याले आधी वाढा' म्हणत जेवाले बसलो का. रोज विचारत, 'कोनाचा गा तू?'"

मी हातातला आरसा खाली ठेवला.

"मी सांगो, आबा, मी गुणवंता. तर म्हणत, 'नाही बाप्पा. आमच्या गुणवंताचे दात आमच्यासारखे हायेत.'"

वानखेडेने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "मग?"

"मंग काय जी. काढून ठेवली. हळूहळू आले दात बाहीर. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी बैल धुवून घरी आलो, तर खाटेवरून म्हणे, 'गुणवंता, पाणी दे गा.'"

"आता कसे आहेत ते?"

"गेले जी. दिवाळीच्या आधीच."

असं म्हणून तो आपणहून खुर्चीत जाऊन बसला, मान मागे टेकवली आणि म्हणाला, "घ्या माप."