शिस्तीचा ऊस

माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांइतका संतापजनक माणूस पुणे शहराने दुसरा निर्माण केला नसेल, आणि या शहराने त्या बाबतीत कधी हयगय केलेली नाही. आयुष्यभर उसावर संशोधन करून काका निवृत्त झाले होते. मुलगा-सून संगणकाच्या नोकरीपायी अमेरिकेला गेले, कर्वेनगरचा फ्लॅट रिकामा झाला, आणि तिथे दर रविवारी आम्हा पाच प्राध्यापकांना शोधनिबंध लिहायला शिकवण्याचा त्यांनी घाट घातला. फी नव्हती. असती तर भांडता तरी आलं असतं.

एरवी मला अगं-तुगं करणारे काका रविवारी अहो-जाहोवर येत, तेव्हाच समजायचं की आज धडगत नाही. ज्याचा निबंध त्याने तोंड उघडायचं नाही, हा पहिला नियम. बाकीचे चौघे आपलं लिहिणं वाचणार, त्याचा भलताच अर्थ लावणार, आणि आपण ओठ मिटून बसायचं. एकदा न राहवून मी "म्हणजे मला असं म्हणायचं होतं" अशी सुरुवात केली, तर म्हणाले, "निबंधाबरोबर तुम्हालाही पाकिटात घालून पाठवायचंय का?" दुसरा नियम कात्रीचा. निबंधाचे परिच्छेद कापून फरशीवर पसरायचे आणि इतरांनी ते क्रमाने लावायचे. पट्ट्या उडू नयेत म्हणून पंखा बंद, आणि महिना मे. असंच घामाघूम होऊन आम्ही रसायनशास्त्राच्या एका गृहस्थांचा निबंध जुळवला, तो सगळ्यांना पटला, आणि गृहस्थ उठले तेव्हा त्यांच्या मांडीखालून एक अख्खा परिच्छेद निघाला. कुणालाच आठवला नाही, तेव्हा राहू दे तिथेच, असं म्हणून काकांनी पंखा लावला. संगणकावर छापलेल्या स्वच्छ प्रतींवर तर त्यांचा विशेष राग. अक्षर सरळ आलं की माणसाला आपला विचारही सरळ वाटायला लागतो, हे मत ते नेमकं माझ्या प्रतीकडे बघून मांडत.

हे सगळं मी सोसलं, कारण मला बढती हवी होती आणि बढतीसाठी एक छापील निबंध हवा होता. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका शेतात मी उसाची आठवड्याला किती वाढ होते ते वर्षभर मोजत होते. निबंध सातव्यांदा सुधारून झाला, चौघांनी पसंतीची मान हलवली, तो छापायला पाठवायची मुदत चार दिवसांवर आली, आणि काकांचं बोट एका तक्त्यावर थांबलं.

"या पंधरवड्यात तिकडे पाण्याची पाळी चुकली होती. सगळ्यांचा ऊस थांबला. तुमचा मात्र दर आठवड्याला तेवढाच वाढतोय. फार शिस्तीचा दिसतो." मग त्यांनी आपलाच नियम मोडला. "आता बोला," म्हणाले.

त्या दोन आठवड्यांत माझ्या मुलाला टायफॉइड झाला होता. मी शेतावर गेलेच नव्हते, आकडे घरी बसून भरले होते. ते सगळ्यांसमोर सांगावं लागलं. निबंध पाठवला नाही. बढती आमच्याच विभागातल्या एका सद्गृहस्थांना मिळाली, ज्यांच्या तक्त्यांकडे आजतागायत कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाजूला घेऊन विचारता आलं नसतं का या माणसाला? मी त्या घरी जाणं बंद केलं, मावसबहिणीला लांबलचक ई-मेल पाठवून तिच्या सासऱ्यांचा यथेच्छ उद्धार केला, आणि केवळ त्यांची जिरवायची म्हणून पुढच्या लागवडीला एकही आठवडा न चुकवता पुन्हा सगळी मोजणी केली.

तो निबंध छापून आला तेव्हा तो घेऊन मी मुद्दाम गेले. काय काय ऐकवायचं ते रिक्षात पाठ केलं होतं. काकांनी आधी तक्ता उघडला. आकडे कुठे पुढे गेलेले, कुठे अडलेले. त्यांवरून ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग उठून कपाटातून त्यांनी स्वतःचा पहिला निबंध काढला. त्याच्यावरच त्यांना नोकरी मिळाली होती, नावही मिळालं होतं. त्यातला एक रकाना त्यांनी माझ्यापुढे धरला. त्यातला ऊस आठवड्यामागून आठवडा अगदी सारखा वाढत गेला होता.

"मला तेव्हा कुणी विचारलंच नाही गं," ते म्हणाले.

रिक्षातलं पाठांतर तोंडातच राहिलं. आता काका नाहीत. राग मात्र अजून आहे, पण तो त्यांच्यावर धरवत नाही. ज्यांनी तो रकाना वाचला आणि काही न बोलता पान उलटलं, त्या लोकांवर मी तो धरते. त्यांच्यातल्या एकाने जरी विचारलं असतं, तर काका सुखाने म्हातारे झाले असते.