वन्संचे बोळे

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, घरातलं एकही भोक उघडं ठेवत नसत. मोरीला चिंधीचा बोळा, खिडकीच्या फटीला बोळा, भिंतीतला खिळा निघाला तर त्या जागी साबणाचा तुकडा. बटणांच्या बोर्डावर जी भोकं वापरात नसत, त्यांच्यासाठी त्या जुन्या साडीच्या काठाच्या बारीक वळकट्या करत. इतर बायका वाती वळतात ना, तशा दुपारी निवांत बसून त्या बोळे वळायच्या. डब्यात साठवूनही ठेवायच्या.

त्यांच्या चिंचवडच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती नवी नवरी म्हणून. मॅट्रिक पास झाले होते, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. हात धुवायला गेले तर पाणी मोरीतून जाईना. मी बोळा उपसला आणि मोठा शोध लावल्यासारखा त्यांच्यापुढे धरला. "वन्सं, हे बघा काय अडकलं होतं."

त्यांनी तो घेतला, पिळला, परत जागच्या जागी बसवला. "आगं कुसुम, अडकलं न्हाई, अडकवलंय. भोक दिसलं की आधी बोळा घालावा. कशाचं भोक हाय ते मागनं बघावं."

पाल, विंचू, झुरळ, वीज, चोर, वारा, वाईट बातमी. यातलं कधी काय कुठून आत शिरेल याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. "येणारं सांगून येत न्हाई. म्हणून वाट ठेवू ने." हे त्या इतक्या शांतपणे म्हणायच्या की ऐकणाऱ्याची नजर आपोआप दाराखालच्या फटीकडे जायची. मी मात्र माहेरी जाऊन त्यांची नक्कल करायचे. कानात कापूस घालून बसायचे आणि बहिणींना म्हणायचे, "वाट ठेवू ने." बहिणी हसून लोळायच्या. फार हुशार होते मी तेव्हा.

वन्सं बार्शीकडच्या. यजमानांना इथल्या कंपनीत काम लागलं म्हणून चिंचवडला आल्या, आणि माझ्या लग्नाआधीच, ऐन तरुणपणी विधवा झाल्या. पदरी एक मुलगा, श्रीकांत. कंपन्यांतल्या कामगारांना जेवणाचे डबे करून देऊन त्यांनी त्याला इंजिनिअर केलं. तो चाकणला नोकरीला लागला, आणि पुढे त्याच कामावर कॅनडात गेला तो तिथलाच झाला. त्याच्या जाण्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. विमानाची खिडकी घट्ट बंद होते ना, एवढं मात्र त्यांनी त्याला विचारून घेतलं होतं.

मग त्यांचे डोळे जायला लागले. डोळ्यांमागच्या पडद्याचा आजार. त्यात मधलं दिसेनासं होतं, कडेचं तेवढं दिसतं. समोर माणूस उभा असला तर त्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, आणि तोंडाच्या जागी धुरकट ठिपका. डॉक्टर म्हणाले, हे थांबवता येईल असं नाही. वन्सं घरी आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मरायचं भ्या न्हाई वाटत गं. पर श्रीचं तोंड दिसायचं बंद झालं, तर मग मी कुणाची आई म्हणायची?"

फोनवर त्याचा चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यात त्यांना काय दिसणार? तेव्हा मी पुढे सरसावले. त्या काळी मी तशी तरुण, नुकती साठी ओलांडलेली, आणि काळेवाडीतल्या आमच्या घराजवळ ज्येष्ठांचा कॉम्प्युटरचा वर्ग पुरा केलेली. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं, माझ्या यजमानांच्या फोटोच्या वर. मी जाहीर केलं, "वन्सं, तुम्हाला मी कॉम्प्युटर बसवून देते. मोठ्या पडद्याचा."

नवा घेण्याची आमची ऐपत नव्हती. पण काळेवाडीत एक दुकान आहे, तिथे कंपन्यांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर साफसूफ करून स्वस्तात विकतात. दुकानदार सज्जन माणूस. म्हणाला, "मावशी, कंपनीतलं मटेरियल आहे. दिवसरात्र शिफ्टला चाललेलं मशीन. बंद पडायचं नाव नाही घेणार." रिक्षात मांडीवर पडदा आणि पायाशी कॉम्प्युटरचा डबा घेऊन मी चिंचवडला गेले. टीव्हीच्या जुन्या शोकेसमध्ये सगळं मांडलं. अक्षरं मोठी केली, मागचा रंग काळा केला, वरती कॅमेरा चिकटवला. फोन आला की एकच बटण दाबायचं. ते चाचपून कळावं म्हणून मी माझ्या कपाळाची टिकली काढून त्या बटणावर लावली.

वन्संनी बोट फिरवून पाहिलं. "टिकली डब्याला लावलीस व्हय गं? बरं केलंस. माझ्या वाटची वाया जात हुती."

संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, श्रीचा फोन आला. वन्संनी टिकली दाबली. पडदाभर श्री. त्यांनी मान वळवली, कोंबडी बघते तशी तिरकी, आणि डोळ्याच्या कडेनं त्याला बघायला लागल्या. तो म्हणाला, "आई, माझ्याकडे बघ की."

"तुझ्याकडंच बघत्ये. सरळ बघितलं की तू जातोस. असा कडंला ऱ्हा." मग मान आणखी कलवून, "कानशील पांढरं झालं रं तुझं."

मी मागे उभी राहून डोळे पुसत होते आणि मनातल्या मनात स्वतःचा सत्कार करून घेत होते. तेवढ्यात श्रीचं वाक्य अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला.

आवाज नाही, सूचना नाही. काळ्या काचेत आम्ही दोघी म्हाताऱ्या दिसत होतो. वन्संना काय दिसत होतं कोण जाणे, पण त्यांनी माझा हात असा धरला की बांगडी रुतली. "काय झालं त्याला?"

"त्याला काही नाही, मशीनला झालंय." मी फोन लावून दिला. श्री हसत होता.

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. पाऊण तास बोलणं व्हावं म्हणून मी सगळी तयारी करावी, आणि मधेच, कुठल्याही शब्दावर, अंधार. मी डबा उचलून दुकानात नेला. तिथे तो दिवसभर सुरळीत चालला. मी दुकानदाराला व्हायरस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. "मावशी, मशीन ओके आहे. घरी काय होतं ते बघा."

घरी आणला की परत तेच. आता सांगायला हरकत नाही, मलाही भीती वाटायला लागली. एकदा काळ्या पडद्यासमोर बसून वन्सं हळूच म्हणाल्या, "कुसुम, ह्यो डबा आधी कुणाचा हुता?"

"कंपनीचा."

"कंपनी काय डब्याफुडं बसती व्हय? माणूस बसत आसंल की. त्यो हाय का अजून?"

मी म्हटलं काहीतरीच काय. आणि दुसऱ्या दिवशी देवळातून अंगारा आणून, त्यांचं लक्ष नाही असं बघून, कीबोर्डला लावला. सर्टिफिकेट भिंतीवर तसंच होतं.

मग ती संध्याकाळ आली. श्री पडद्यावर होता, अंगात जाड कोट. मागे खिडकीत सगळं पांढरं. म्हणाला, "रात्रभर बर्फ पडलंय आई. रस्ता निसरडा आहे, पण निघावं लागेल. पोचलो की लगेच..." आणि अंधार.

मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. उचलेना. मी म्हटलं, गाडी चालवत असेल, चालवताना उचलायचा नसतो. वन्सं खुर्चीत ताठ बसल्या होत्या, नजर शोकेसच्या बाजूला, म्हणजे नेमकी पडद्यावर.

मग त्या बोलायला लागल्या. मला सांगत होत्या की काळ्या पडद्याला, कळत नव्हतं. "त्या दिवशी बी असंच झालं. शेजारी वाण्याकडं फोन हुता. ह्यांनी कंपनीतनं केला. म्हनले, आज ओव्हरटाइम हाय, श्रीला म्हनावं झोप, येताना मी... आन् कटला. येताना काय आणनार हुते त्ये मला अजून ठावं न्हाई. मी वाण्याच्या दुकानात हुबी. म्हटलं परत करतील. अंधार पडला तशी कंपनीची जीप आली." पदराचा काठ चाचपत म्हणाल्या, "प्रेसमधी हात गेला, मग सगळंच गेलं. फोन ठेवून मशीनवर गेले आन् लगी झालं, आसं सांगितलं लोकांनी. पर मला वाटतं, आमचं बोलनं तुटलं तवाच झालं."

इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते. त्यांच्या नकला करत होते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी उठले आणि उगीच शोकेस आवरायला लागले. तेव्हा वास आला. कापड करपल्याचा. डब्याला हात लावला तर तवा. मी तो पुढे ओढला, मागे वाकून बघितलं.

मागची सगळी भोकं बुजवलेली होती. बारीक, सुबक, एकसारख्या वळकट्या. हिरव्या साडीचा काठ मी लगेच ओळखला; मीच नेसवली होती ती साडी त्यांना, श्रीच्या लग्नात.

"वन्सं, हे तुम्ही..."

"व्हय. एवढी भोकं उघडी. पाल शिरली तर जळून मरंल, आन् श्रीचा फोन यायचा बंद हुईल."

"मग मी दुकानात नेला तेव्हा?"

"तवा काढले हुते की. चार लोकांत न्यायचा, तसाच दिऊ व्हय?"

मी त्यांना सांगितलं. या डब्याला आत पंखा असतो, त्याला वारा लागतो. वारा कोंडला की तो तापतो, आणि जळून जाऊ नये म्हणून आपला आपण बंद होतो. वर्गात शिकवलं होतं हे सगळं. आम्हाला त्यावर प्रश्नही आला होता आणि मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

वन्सं ऐकत होत्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि चाचपून एकेक बोळा काढायला लागल्या. शेवटचा काढून झाल्यावर मूठ तशीच मिटून बसल्या. "म्हंजे मीच तोडत हुते त्याला."

मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली, तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. श्रीला काही झालं असलं तर या बाईला आता कुणी परत आणू शकणार नाही, हे मला दिसत होतं. बाहेर रस्त्यावर कंपन्यांच्या बसा कामगारांना सोडत होत्या, त्यांचे ब्रेक ऐकू येत होते. प्रत्येक गाडी थांबली की वन्सं मान वळवायच्या.

फोन वाजला तेव्हा आम्ही दोघीही उचलायला पुढे झालो नाही. मग मी उचलला. "मामी, पोचलो गं. रस्त्यात जाम अडकलो होतो. आई जेवली का?"

मी फोन वन्संच्या कानाला लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "येताना काय आणनार हुतास ते आधी सांग, मग ठेव." त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "येताना? तुला स्वेटर आणतो." वन्संनी मान हलवली, जणू फार जुना हिशेब मिटला.

त्या दिवसापासून डब्याची भोकं उघडी राहिली. पण वन्संना चैन पडेना. बोलणं चालू असताना त्या काखेत केरसुणी धरून बसायच्या, पाल आलीच तर म्हणून. श्री तिकडून विचारायचा, "आई, झाडू कशाला?" त्या म्हणायच्या, "तू बोल. मी राखनीला बसल्ये." आणि तिरक्या मानेनं त्याला बघून घ्यायच्या. त्याचे कान, त्याची हनुवटी, भुवईवरचा लहानपणचा व्रण. एकेक भाग कडेनं बघायचा आणि मनात जोडायचा. एकदा म्हणाल्या, "आज नाक सापडलं."

वर्ष-दीड वर्ष मिळालं त्यांना तसं. मग कडाही गेल्या. पडदा लावला काय, न लावला काय, सारखंच. मी म्हटलं, आता फोनवरच बोलत जा. तर नको म्हणाल्या. डब्याला टेकून बसायच्या आणि पंख्याची घरघर ऐकायच्या. "त्यो चालू हाय तवर बोलनं तुटत न्हाई," म्हणायच्या. अंथरुणाला खिळल्यावर तर फोन नसतानाही डबा चालू ठेवायला लावायच्या. विजेचं बिल वाढतं म्हणून कुरकुरणाऱ्या बाई त्या.

त्या गेल्या ते सकाळी, दुधाची पिशवी दाराला अडकवून दूधवाला जिना उतरत होता त्या सुमाराला. श्रीला विमान मिळून पोचेपर्यंत दोन दिवस गेले असते. तो म्हणाला, "मामी, थांबू नका. मला फक्त दाखवा." मी पडदा त्यांच्याकडे वळवला, कॅमेरा खाली केला. पडदाभर श्री होता. त्याला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. आता सरळ बघायला हरकत नव्हती, पण वन्संची मान सवयीनं एका बाजूलाच कलली होती.

बायकांनी अंघोळ घातली, लुगडं नेसवलं. मग शेजारच्या काकू कापसाचे बोळे घेऊन पुढे झाल्या. नाकात घालायची रीत असते. किती जणींना घातले असतील मी स्वतः. पण त्यांचा हात वन्संच्या तोंडाजवळ गेला आणि मी तो धरला.

"काय झालं हो?" काकू दचकल्या.

मला हसू आलं. त्या खोलीत, त्या वेळी. "थोडा वेळ थांबा," मी म्हटलं. "थोडी वाट राहू दे. श्रीचं बोलणं अजून चालू आहे."

पडद्यावर श्री काहीबाही सांगत होता, लहानपणचं, मधेच थांबत, मधेच परत सुरू करत. आणि मला एकदम धास्ती वाटली की आताही अर्ध्यावर अंधार होईल. मी शोकेसपाशी गेले आणि डब्याच्या मागे हात घातला. भोकं उघडी होती. तळहाताला ऊन-ऊन वारा लागत होता, संथ, न थांबता. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत मी हात तिथेच धरून उभी राहिले.